उशीचा अभ्रा झाला, आता पुढे काय शिवायचं?

उशीचा पहिला अभ्रा शिवून झाला की हात शिवशिवायला लागतात. टीप बऱ्यापैकी सरळ आलेली असते, चारही कोपरे नीट निघालेले असतात, घरातल्यांनी कौतुक केलेलं असतं. मग त्याच आठवड्यात बाजारात जाऊन एक सुंदर कापड आणलं जातं, आणि ते बहुतेक वेळा ब्लाउजसाठी असतं. मी घरी शिवणवर्ग घेते. तिथे हे इतक्यांदा पाहिलं आहे की आता पुढचं मला आधीच दिसतं. कापड कापलं जातं, एक बाही लागते, दुसरी उलटी लागते, ती उसवता उसवता कापड विरतं, आणि सगळे तुकडे एका पिशवीत बांधून कपाटात जातात. मशीनवर झाकण पडतं ते कायमचंच.

त्या मुलींमध्ये शिवण्याची कुवत नसते असं मुळीच नाही. दुसरं, तिसरं, चौथं काम कोणतं घ्यायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि मशीनवर बसण्याआधी काय काय करून ठेवायचं हेही नसतं. आपल्याकडे कापड कापण्याला ‘बेतणं’ असा शब्द आहे. बेत आखतो तसंच कापड बेततो. अर्धंअधिक शिवणकाम तिथेच होतं, म्हणून या लेखात प्रत्यक्ष टीप मारण्यापेक्षा त्याआधीच्या गोष्टी जास्त आहेत.

पुढचं काम निवडताना

माझा नियम सोपा आहे: एका कामात एकच नवी गोष्ट. काम निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात मी आजवर न केलेली शिलाई किती ठिकाणी आहे? कापड माझ्या ओळखीचं आहे का? आणि हे कुणाच्या अंगाला नेमकं बसायला हवं का? तिन्हींपैकी एकाच ठिकाणी ‘नवीन’ असं उत्तर आलं तर काम घ्या. दोन ठिकाणी आलं तर थोडं थांबा. नव्या पद्धतीचा गळा, तोही निसरड्या सिल्कवर आणि तोही बहिणीच्या साखरपुड्यासाठी, असं काम पहिल्या वर्षात घेऊ नका.

ब्लाउज कठीण का, हे एकदा आकड्यांत बघा. अंगालगत बसणाऱ्या कपड्याला दोन बाजूंना दोन शिवणी असतात आणि प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. तुम्ही टीप पाव इंच आत मारली तर पाव इंच चार वेळा जातो, म्हणजे पूर्ण एक इंच. पिशवीत एक इंच कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्लाउजमध्ये एक इंच गेला तर हूक लागत नाही. शिवाय टक (आकारासाठी घातलेल्या चिमट्या), मुंढा (बाही जोडायची गोलाई), बाही, गळा, हूकपट्टी आणि अस्तर हे सगळं त्या एवढ्याशा कपड्यात. ब्लाउज जरूर शिवा, पण पाचवं-सहावं काम म्हणून.

मी ज्या क्रमाने शिकवते तो असा: भाजीची पिशवी, परकर, झबलं, मग साधा कुर्ता.

पिशवी

यावर फार वेळ घालवायचा नाही, दोन संध्याकाळचं काम आहे. जाड मांजरपाट किंवा पडद्याचं उरलेलं कापड घ्या. ३६ इंच पन्ह्याचं, म्हणजे तेवढ्या रुंदीचं, पाऊण मीटर पुरतं. त्यातला १८ इंच उंचीचा आडवा तुकडा मधोमध दुमडला की पिशवी, उरलेल्या पट्ट्यातून दोन बंद. यात नवी गोष्ट एकच, ती म्हणजे बंद जोडणं. बंदाच्या टोकाला एक चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घालायची. ओझं त्या चौकोनावर वाटलं जातं. नुसती एक आडवी टीप मारली तर दोन किलो कांद्याला बंद निघून येतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा माझ्या वर्गातल्या बायकांनी याच पिशवीवर हात बसवला. त्यातल्या काही पिशव्या अजून बाजारात जाताना दिसतात.

परकर: माझं आवडतं दुसरं काम

साडीखाली नेसायचा सहा कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा सहा तुकड्यांचा, परकर दिसायला साधा, पण बेतणं काय असतं हे त्याच्याइतकं दुसरं काही शिकवत नाही. आणि तो साडीखाली झाकलेला असतो, त्यामुळे टीप वाकडी गेली तरी मनाला लागत नाही.

समजा नितंबाचा घेर ४० इंच आहे. परकर नाडीचा असल्यामुळे वरचा घेर कमरेचा धरायचा नाही, कारण तो नितंबावरून चढायला हवा. म्हणून वरचा घेर ४२ इंच. सहा कळ्यांत वाटला की प्रत्येक कळीला वर ७ इंच. दोन्ही बाजूंची शिलाईची माया, म्हणजे टीपेबाहेर सोडलेलं कापड, अर्धा-अर्धा इंच धरून ८. खालचा घेर ८४ धरला तर कळीला १४, मायेसह १५. उंची ३८ इंच धरू. म्हणजे कळीचा आकार झाला वर ८, खाली १५, उभी ३८.

आता ४४ इंच पन्ह्याच्या कापडावर अशा तीन कळ्या एका उंचीत बसतात का? सगळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर खालच्या बाजूला १५ अधिक १५ अधिक १५ म्हणजे ४५, एक इंच कमी पडतो. पण मधली कळी उलटी ठेवली, तिची रुंद बाजू वर आणि अरुंद खाली, तर तिघी एकमेकींच्या कुशीत बसतात आणि खालची रुंदी होते १५ अधिक ८ अधिक १५, म्हणजे ३८. सहा इंचांची उभी पट्टी काठाकडे शिल्लक राहते. कापड पाण्यात आटून पन्हा ४२ वर आला तरी चार इंच राहतात. ही पट्टी वाया जात नाही, तिचाच नेफा, म्हणजे नाडी ओवायची पट्टी, होतो. अशा दोन उंच्या लागतात, म्हणजे ७६ इंच, साधारण १९३ सेंटिमीटर. आटणं धरून सव्वादोन मीटर आणा. एकाच दिशेने जाणारी नक्षी असली तर कळी उलटी ठेवता येत नाही, म्हणून परकराला साधं रंगीत पॉपलिन किंवा केंब्रिक घ्या.

हे गणित वाचून नीट कळत नाही. वर्तमानपत्राच्या सहा कळ्या कापा आणि जमिनीवर खडूने ४४ इंचांची चौकट आखून त्यात मांडून बघा. माझ्या वर्गात हा खेळ पहिल्या दिवशी होतो आणि बायका तासभर उठत नाहीत.

शिवताना सहा उभ्या शिवणी, नेफा, आणि खालची पट्टी. नेफ्यात नाडीसाठी तोंड ठेवायला विसरू नका, तिथल्या कडा आधी दुमडून टिपून घ्या. एक गोष्ट मात्र आवर्जून करा. नेफा लावून झाल्यावर परकर रात्रभर टांगून ठेवा आणि खालची पट्टी दुसऱ्या दिवशी दुमडा. कळीच्या बाजू तिरक्या कापलेल्या असतात. तिरकं कापलेलं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, म्हणून लगेच पट्टी दुमडली तर आठवड्याने शिवणींजवळ परकर खाली लोंबलेला दिसतो.

झबलं

शिवणवर्गांतून झबलं, टोपडं, लंगोट याच गोष्टी आधी का शिकवत हे मला शिकवायला लागल्यावर उमगलं. झबल्यात गळा, खांदा, मुंढा, बाजूची शिवण आणि तळ असं पूर्ण कपड्याचं सगळं असतं, फक्त छोट्या आकारात. अर्धा मीटर मलमल पुरते. १२ इंच उंची, २० इंच छाती, मागून उघडं आणि दोन-तीन ठिकाणी बांधायला नाड्या. बाळाला कपडा सैलच हवा असतो, त्यामुळे पाव इंचाची चूक इथे माफ असते. बटण लावू नका, लहान बाळाच्या तोंडात जाऊ शकतं. नाड्याही आखूड ठेवा, बांधता येतील एवढ्याच, आणि गळ्याशी घट्ट बांधू नका.

इथली नवी गोष्ट म्हणजे गोलाई. सरळ पट्टी गोल गळ्याला लावली की तिला चुण्या पडतात, म्हणून उरेब पट्टी लागते. कापडाचा कोपरा असा दुमडा की आडवी कड उभ्या काठावर येईल. जी घडी पडते ती बरोबर तिरकी, तिच्या समांतर सव्वा इंच रुंद पट्ट्या कापा. उरेब कापड ताणलं की वाढतं, त्यामुळे ते वळणावर आपोआप वळतं. पट्टी लावताना मात्र ती ओढू नका, नुसती ठेवत जा. पट्टी उलटवण्याआधी गळ्याच्या मायेला टीपेपर्यंत न पोचणारे बारीक कट द्या, नाहीतर गोलाई आवळते.

बाळाच्या अंगाला शिवण टोचू नये म्हणून बाजूची शिवण दोनदा घाला. पहिल्यांदा सुलट बाजू बाहेर ठेवून अगदी कडेला टीप, मग कपडा उलटवून त्या कडा आत कोंडून दुसरी टीप. आतून एकही धागा दिसत नाही. या शिवणीला जवळपास अर्धा इंच माया लागते, तेवढी आधीच सोडा. जवळपास बारसं नसलं तरी झबलं शिवा, शेजारीपाजारी कुठेतरी बाळ असतंच. कापड जुन्या सुती साडीचं घेतलं तर फारच उत्तम. तान्ह्या बाळाला धुऊन मऊ झालेलं जुनं कापड घालायची आपली रीत त्याच्या कातडीला मानवणारीच आहे.

मग कुर्ता, आणि त्यासाठी कापड किती

कुर्त्यापासून अंगाचं माप येतं, म्हणून इथून पुढची तयारी जरा सविस्तर करू. पहिला कुर्ता सरळ खाली थोडा पसरणारा, साधा गोल गळा, पाऊण बाही, अंगात ऐसपैस. चेन नको, अस्तर नको, कॉलर नको.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न विचारा, पन्हा किती? आपल्याकडे ३६, ४४ आणि ५८ इंच असे पन्हे नेहमी दिसतात. पन्ह्यावर मीटर ठरतात, भावावर नाही. एक उदाहरण सोडवू. छाती ३६, कुर्त्याची तयार उंची ४०. छातीचा चौथा भाग ९, त्यात सैलपणासाठी १, मायेसाठी १, म्हणजे ११. तळाला घेरासाठी हाच भाग साडेतेरा धरू. पुढचा भाग घडी उलगडल्यावर तळाशी २७ इंच रुंद झाला, मागचाही तेवढाच. उंची ४०, खांद्याची माया अर्धा आणि तळाच्या पट्टीला दीड मिळून ४२.

४४ पन्ह्यात २७ चे दोन भाग शेजारी बसत नाहीत, म्हणून ते एकाखाली एक: ८४ इंच, २१३ सेंटिमीटर. शेजारी जो १७ इंचांचा पट्टा उरतो त्यात बाह्या. आटणं धरून सव्वादोन मीटर हिशोबाने पुरतं, पण पहिल्या कुर्त्याला अडीच घ्या, एक बाही चुकली तर दुसरी कापता आली पाहिजे. ५८ पन्ह्यात मात्र दोन्ही भाग शेजारी बसतात. ४२ इंच आणि बाहीचे १८ मिळून ६० इंच, म्हणजे पावणेदोन मीटर खूप झालं. मोठ्या पन्ह्याचं कापड मीटरला महाग वाटलं तरी एकूण कधी कधी स्वस्त पडतं. हा हिशोब घरीच कागदावर करून जा, काउंटरवर उभं राहून होत नाही.

कापड कुठलं घ्यायचं यावर माझं मत पक्कं आहे: सुती, मध्यम जाडीचं, बारीक छपाईचं. बारीक छपाईत टीपेचे चढउतार लपतात. रेघा आणि चौकटी शिवणींवर जुळवाव्या लागतात, त्या पुढच्या वेळी. जॉर्जेट, शिफॉन, सॅटिन टेबलावरून घसरतात. कापड हातात घेऊन मुठीत दाबा आणि सोडा, कितपत चुरगळतं ते कळेल. मग उजेडाकडे धरा. विणीतले उभे-आडवे धागे एकमेकांना काटकोनात दिसायला हवेत. मुंबईत मंगलदास मार्केट किंवा हिंदमाता, पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठ अशा ठिकाणी कापड बघायला एक दिवस नुसतं फिरा, खरेदी न करता. बोटांना ओळख व्हायला वेळ लागतो. कटपीसच्या दुकानात सरावापुरतं कापड स्वस्तात मिळतं, पण तिथे तुकड्याच्या घडीच्या आत डाग किंवा फाटकं काही आहे का ते पूर्ण उलगडून बघा.

भिजवणं टाळू नका

सुरुवातीच्या वर्षात मी आईसाठी खणाचा ब्लाउज शिवला. खण बघून घेतला, अस्तर घाईत घेतलं आणि तसंच कोरं लावलं. ब्लाउज छान बसला. पहिल्या धुण्यानंतर अस्तर आतून आटलं आणि वरचा खण पाठीवर फुगे आल्यासारखा दिसायला लागला. आई काही बोलली नाही, तिने तो घालायचा थांबवला. त्यानंतर माझ्या घरात कोरं सुती कापड आणि अस्तर पाणी पाहिल्याशिवाय कात्रीखाली गेलेलं नाही.

कापड विणताना आणि त्यावर प्रक्रिया करताना धागे ताणलेले असतात. पाण्यात ते ताण सोडतात, म्हणून कापड आटतं. किती आटेल ते आधी कळू शकतं. कोपऱ्यातून २५ सेंटिमीटरचा चौकोन कापा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. २४ भरला तर ४ टक्के. म्हणजे १०० सेंटिमीटरचा कुर्ता ९६ होणार होता, तो तुम्ही वाचवला. बाकीचं कापड तासभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा, न पिळता सावलीत वाळत घाला आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या दिशेने फिरवायची, तिरकी ओढायची नाही. गडद लाल, निळं, काळं कापड असलं तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालाला रंग लागला तर ते वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, मी त्यावर विसंबत नाही. रंग सोडणारं कापड पांढऱ्या कापडाला जोडायचं नाही, एवढंच खरं.

रेशमी किंवा जरीच्या कापडाला हा नियम लावू नका, ते भिजवायचं नाही. त्याला लावायचं सुती अस्तर मात्र भिजवायचंच.

सुई, दोरा, मशीन

सुई ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि तीच बदलायचा आपल्याला कंटाळा. मलमल आणि तलम कापडाला ९ किंवा ११ नंबर, पॉपलिन-केंब्रिकला १४, जाड खादी आणि पिशवीच्या कापडाला १६, जीन्सला १६ किंवा १८. होजिअरीच्या, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई मिळते, साध्या सुईने तिथे टाके सुटतात. एक-दोन कुर्ते झाले की सुई बदला. शिवताना ‘टक्‌टक्‌’ असा आवाज यायला लागला तर त्याच क्षणी बदला. घरगुती मशीनच्या सुईची मूठ एका बाजूने चपटी असते आणि कारखान्यातल्या मशीनची गोल असते, दुकानात जुनी सुई नमुन्याला घेऊन जा. बसवताना सुईची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवता त्या बाजूला यायला हवी, आणि सुई वर टेकेपर्यंत आत गेली पाहिजे. टाके सुटण्याच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दोरा कापडापेक्षा किंचित गडद घ्या, फिका दोरा जास्त उठून दिसतो. काम सुरू करण्याआधी दोन बॉबिनं, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळं, भरून ठेवा. मग त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर, दोन पदर ठेवून, हातभर टीप मारून बघा. वरच्या बाजूला खालचा दोरा टिपक्यांसारखा दिसला तर वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, घट्ट आहे. खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर वरचं सैल आहे, किंवा दोरा नीट ओवलेलाच नाही. आधी पुन्हा ओवून बघा, स्क्रूला हात नंतर. टाका अडीच मिलिमीटरच्या आसपास ठेवा. तात्पुरत्या, उसवायच्या टीपेला मोठा करा.

पायमशीन असेल तर तेल घालून एक चिंधी शिवून घ्या, मगच नवं कापड खाली सरकवा. तेलाचा डाग फिक्या कापडावरून सहज जात नाही.

माप आणि कागद

आपण शिंप्याकडे मापाचा कपडा देतो, तीच युक्ती घरी वापरा. अंगाला छान बसणारा एक जुना कुर्ता निवडा, इस्त्री करून सपाट पसरा आणि मोजा: खांद्यापासून तळापर्यंत, एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत, काखेपासून काखेपर्यंत, मुंढ्याची गोलाई, बाहीची लांबी आणि तोंड, गळ्याची रुंदी आणि खोली. काखेपासून काखेपर्यंतच्या मापाची दुप्पट म्हणजे कुर्त्याची छाती. ती तुमच्या अंगाच्या छातीपेक्षा किती जास्त आहे तोच तुम्हाला मानवणारा सैलपणा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, जन्मभर उपयोगी पडतो.

मग ब्राउन पेपरवर पानं काढा, म्हणजे पुढचा अर्धा भाग, मागचा अर्धा भाग, बाही. मागचा गळा उथळ असतो आणि पुढचा मुंढा थोडा जास्त खोल, हे विसरलं तर कुर्ता मागे ओढतो. प्रत्येक पानावर उभ्या धाग्याचा बाण काढा आणि माया धरली आहे की नाही ते शब्दांत लिहा. माया एकदा कागदात आणि पुन्हा कापडावर अशी दोनदा धरली जाते, ही चूक मी नव्या बायकांच्या हातून वारंवार होताना बघते. बाजूला एक इंच, खांद्याला अर्धा, गळ्याला पाव, असा माझा हिशोब.

आणि आता जे सांगते ते करायला सगळे कुरकुरतात. पहिला कुर्ता नव्या कापडावर कापू नका, जुन्या सुती साडीवर कापा. साडी साधारण साडेपाच मीटर असते, त्यात दोन चुका माफ. ती इतक्यांदा धुतलेली असते की आता आटणार नाही. फक्त उजेडाकडे धरून विरलेला भाग बघा आणि तो टाळा. मोठ्या टाक्याने शिवा, अंगात घाला, हात वर करा, खाली बसा, पाठीमागे आरसा धरा. ओढतंय कुठे, झोळ कुठे, ते टाचणीने खुणावून कागदावर दुरुस्त करा. यात एक दुपार जाते आणि नवं कापड वाचतं.

बेतणं आणि कापणं

कापायला बसण्याची वेळ सकाळची ठेवा. रात्री दिव्याखाली, दमलेल्या हातांनी कापलेलं कापड दुसऱ्या दिवशी रडवतं. जमीन झाडून पुसून स्वच्छ चादर अंथरा. कापडाचं टोक सरळ नसतं, कारण दुकानात ते घाईत कापलेलं असतं. एक आडवा धागा सुईने उचलून हळूच ओढा. जी बारीक रेघ उमटते तिच्यावरून कापलं की टोक सरळ.

सुलट बाजू आत ठेवून घडी घाला, काठ काठाला समांतर. सगळी पानं आधी मांडा. एक पान मांडून कापायचं आणि मग दुसऱ्याला जागा शोधायची असं करायचं नाही. बाण काठाला समांतर आहे का ते बाणाच्या दोन्ही टोकांपासून मोजून बघा. फुलापानांची नक्षी असेल तर फुलं वर तोंड करून आहेत ना? पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांत? बाह्या एकमेकींच्या आरशातल्या आहेत ना? एकाच पदरावर दोनदा बाही कापली तर दोन्ही उजव्या होतात. हे सगळं झालं की चहा घेऊन या, परत येऊन पुन्हा एकदा बघा, मग कात्री उचला.

कात्री फक्त कापडाची असावी. कागद कापला की तिची धार जाते, घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. कापताना कात्रीचं खालचं पातं जमिनीला टेकलेलं राहू द्या, कापड उचलू नका. गळा शेवटी आणि ठरवल्यापेक्षा अर्धा इंच लहान कापा. लहान गळा मोठा करता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. मुंढ्याचा आणि बाहीचा मध्य, कमरेची जागा इथे मायेत अगदी छोटे कट देऊन खुणा करा. तुकड्यांच्या उलट बाजूला खडूने ‘पुढचा’, ‘उजवी बाही’ असं लिहा. सुती छापील कापडाच्या दोन्ही बाजू कधी कधी सारख्याच दिसतात आणि गोंधळ तिथेच होतो.

एक काम कापलं की ते पुरं होईपर्यंत दुसरं कापू नका. कापलेलं पण न शिवलेलं कापड मनावर ओझं होऊन बसतं.

उसवायची वेळ येईलच. रिपरने, म्हणजे टाके उसवायच्या छोट्या हत्याराने, दर चौथा-पाचवा टाका एका बाजूने कापा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढा, कापडाला धक्का न लावता. सुती कापडावरची सुईची भोकं पाणी आणि इस्त्रीने भरून येतात. सिल्क आणि रेक्झिनवरची तशीच राहतात, म्हणून त्यांवर टाचण्यासुद्धा मायेतच लावायच्या.

कुर्ता झाला की ब्राउन पेपरची पानं फेकू नका. प्रत्येकावर नाव, तारीख आणि छातीचं माप लिहा, घडी न घालता गुंडाळी करा आणि नाडीने बांधा. वहीत त्या कापडाचा छोटा तुकडा टाचून शेजारी लिहा: पन्हा किती होता, किती मीटर लागलं, किती उरलं, सुई कुठली, किती आटलं, काय चुकलं. उरलेल्या कापडाचा वीतभर तुकडा जपून ठेवा, पुढेमागे कुठे ठिगळ किंवा पट्टी लागली तर तेच कापड बाजारात परत मिळत नाही. बाकीच्या चिंध्या एका पोत्यात जमवत जा. वर्षभरात एका छोट्या गोधडीपुरत्या होतात, आणि ब्लाउजला हात घालण्याआधी मध्ये एक गोधडी झाली तर सरळ टीपेचा हात चांगलाच बसतो.